चार बोटं उंच

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं. आम्ही तिला अक्का म्हणतो. आई-वडिलांनी जन्म दिला, पोटाला घातलं, कधी हात उगारला नाही. पण मला शिकवलं ते अक्कानं. सातवीचा निकाल लागल्यावर ती शाळेऐवजी पलूसच्या द्राक्षबागांत कामाला जाऊ लागली. तिला शाळा सोड असं कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या मागं मी होतो, आणि घरातून एकच दप्तर पुढं जाईल हे तिचं तिनंच ओळखलं. घडांच्या विरळणीची बारीक कात्री तिच्या हातात इतकी वर्षं राहिली की अंगठ्याला कडीच्या आकाराचा वळ पडला. तो अजून आहे.

मला सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या वस्तीतून त्या वाटेला लागलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी सुट्टीवरून परतताना मी ड्रॉइंग बोर्ड घरीच विसरलो. दुसऱ्या दिवशी अक्का तो बोर्ड घेऊन एस.टी.नं सांगलीत हजर. वसतिगृहाच्या दारात सगळ्या पोरांसमोर ती मोठ्यानं सांगत होती, "कंडक्टर म्हणतोय कसा, आक्का, एवढं मोठं पोळपाट घेऊन कुणाच्या लग्नाला निघालाय? म्या म्हणलं, बाबा, ह्याच्यावर माझा भाऊ मोटारी लाटणार हाय!" पदवी हातात येईपर्यंत पोरं मला 'लाटणं' म्हणूनच हाक मारत.

पदवी झाली. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात लागलो. अक्का तोवर पलूसच्या बागायतदारांच्या सोसायटीत पॅकिंग शेडवर बायकांची मुकादम झाली होती. घड निवडायचे, खराब मणी कात्रीनं काढायचे, पेटीत कागद घालून घड रचायचे, हे काम. बागेतल्या उन्हापेक्षा शेडच्या सावलीतलं काम बायकांना बरं वाटे. लहान पोर असलेली बाईसुद्धा तिथं येऊ शकत असे, कारण अक्कानं शेडच्या एका कोपऱ्यात पाळणे बांधून घेतले होते. ते शेड चालू राहावं, एवढाच या हकीकतीतला प्रश्न आहे.

द्राक्षं परदेशी पाठवायची म्हणून सोसायटीनं मुंबईच्या एका दलालाकडून एक जुनी परदेशी ट्रक घेतली. पाठीवर पांढरी बंद पेटी, आत गारवा. गावात तिला सगळे 'फ्रीजची गाडी' म्हणत. त्या गाडीचं खरं वैशिष्ट्य मात्र खाली होतं. पुढं आपल्या ट्रकांसारखी लोखंडी पाट्यांची कमान, म्हणजे स्प्रिंग, होती, पण मागं पाट्यांच्या जागी हवेचे जाड रबरी फुगे. द्राक्षाला रस्त्याचा दणका सोसत नाही, मणी देठापासून सुटतात. म्हणून ही सोय. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंना एकेक लहान व्हॉल्व्ह होता, त्याला एक दांडा, आणि दांड्यापासून खाली एक्सलपर्यंत एक सळई. माल भरला आणि गाडी दबली की सळई दांडा वर ढकले, फुग्यांत हवा शिरे आणि गाडी पुन्हा उचलली जाई. माल उतरला की फुस्स करून हवा सुटे. हे सगळं आपोआप. ड्रायव्हरला काही करायचं नसे.

आदल्या हंगामाच्या शेवटी या गाडीतून एक खेप बंदरावर गेली आणि परत आली. पुढच्या भिंतीलगतच्या पेट्या खालून भिजून मऊ झाल्या होत्या, आतले घड कुजायला लागले होते. खरेदीदारानं खेपच नाकारली. सगळ्यांनी दोष दिला तो गारव्याच्या मशीनला. ते मशीन ड्रायव्हरच्या केबिनवर, कपाळाला गाठोडं बांधावं तसं बसवलेलं होतं. त्यातून पाणी ठिबकतं, असं मेकॅनिक म्हणाला. सगळे गेल्यावर अक्का गाडीच्या रिकाम्या पेटीत चढली आणि तिनं मधोमध तांब्याभर पाणी ओतलं.

सोसायटीच्या बैठकीत ती उभी राहिली तेव्हा मी तिथं नव्हतो, पण तिथं काय झालं ते मला इतक्या जणांनी सांगितलं आहे की मीही असल्यासारखं वाटतं.

"मशिनीतनं थोडं पाणी येतंयच," ती म्हणाली. "गार हाय म्हंजे घाम येणारच. पर ते पाणी दाराकडं जाऊन भोकातनं भाईर पडाय पायजे. ते फुडं जातंय. गाडीच नाक खाली घालून हुबी ऱ्हातीय."

"मग करायचं काय, आक्का?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझा भाऊ करंल."

मागून कुणीतरी हसलं. "तुझा भाऊ अजून लय नवा हाय गं."

"नवा हाय म्हणूनच बोलावतीया. जुन्यांनी तर मशीनच खोलून ठिवलीया!"

खरेदीदारानं सांगून ठेवलं होतं: हंगामाची पहिली खेप कोरडी पोचली तर पुढं बोलू. नाही तर द्राक्षं बागेतून उचलू, पण पॅकिंग दुसऱ्या शेडला. बागायतदारांचं त्यात फार अडणार नव्हतं. अडणार होतं ते शेडवरच्या बायकांचं. त्यांना पुन्हा उन्हात जावं लागलं असतं, आणि पाळणेवाल्यांना घरीच बसावं लागलं असतं. आणि सगळ्यांच्या देखत माझ्या नावानं शब्द दिला होता अक्कानं.

मी पलूसला जाऊन गाडी पाहिली. अक्काचं निदान बरोबर होतं. मूळ गाडीला केबिनवर मशीन नव्हतं, ते नंतर कुणीतरी बसवलं होतं. त्या वजनानं पुढचे पाटे बसले होते. मागची बाजू आपली उंची आपोआप राखायची, पुढची बाजू बिचारी दबायची. पेटीच्या तळाला कारखान्यातच मागच्या दाराकडं किंचित उतार दिलेला होता. नाक खाली गेल्यानं तो उतार उलटा झाला होता. मी त्याच दलालाला पत्र लिहिलं. गाडी सरळ करायला लागणारं सामान, ज्याला तिकडं लेव्हलिंग किट म्हणतात, ते त्यानं लाकडी खोक्यातून पाठवलं. पुढच्यासाठी जादा पाटे, ते मावतील असे लांब यू-बोल्ट, आणि मागच्या व्हॉल्व्हसाठी दोन नव्या सळया. जुन्या सळया ठरावीक लांबीच्या होत्या. या नव्यांना दोन्ही टोकांना आटे होते, म्हणजे लांबी कमीजास्त करता येत होती. सोबत माहितीचा कागद मात्र नव्हता.

किट बसवायला जागा हवी होती, आणि पाट्यांचं काम करणारा हात. उंब्रजला हायवेच्या कडेला एक मिस्त्री होते. उसाच्या हंगामात कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रकांचे पाटे मोडतात, ते बसवायला सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतून ड्रायव्हर त्यांच्याकडं येत. सोसायटीचा ड्रायव्हर साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. तो पलूसहून गाडी घेऊन आला, मी साताऱ्याहून रजा टाकून आलो.

मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इंजनेर हाय व्हय? मग हात काळं करणार का नुसतं बोट दावणार?"

मी शर्ट काढून खुंटीला अडकवला. ते म्हणाले, "बरं. पान्हं आण मग."

पहिल्याच गोष्टीवरून आमचं वाजलं. पुढं जॅक लावून चासी उचलली तशी मागं फुस्स झालं आणि सगळी गाडी अंग झटकल्यासारखी हलली. मिस्त्री खाली होते, ते कोपरांवर सरपटत बाहेर आले.

"ह्यो काय परकार? गाडी शिवास घेतीया!"

मी हवेची टाकी रिकामी करायला लावली. कुणी खाली असताना हवा चालू ठेवायची नाही, असं मी म्हणालो. मिस्त्रींना ते पटायला वेळ लागला, कारण पुन्हा हवा भरायची तर इंजिन चालू ठेवावं लागणार, डिझेल जळणार. पण मी हटलो नाही. शेवटी फौजी ड्रायव्हर मध्ये पडला. "मिस्त्री, पोरगा सही बोलतोय. तुम्ही चपटे झालात तर उसाच्या गाड्या कोण बघणार?"

मग काम सरळ चाललं. जुन्या यू-बोल्टांचे नट गंजून बसले होते, रॉकेल ओतून मुरू द्यावं लागलं. पाट्यांचा गठ्ठा सोडवला, मधला बोल्ट काढला, जादा पाटा आपल्या लांबीच्या जागी सरकवला, पुन्हा गठ्ठा आवळला. मिस्त्रींचा हात पाट्यांवरून फिरताना पाहत राहावंसं वाटे. पाटा हातात घेतला की ते त्याला हातोडीनं एकदा वाजवून बघत आणि आवाजावरून मान हलवत. "माल चांगला हाय," एवढंच म्हणाले. दुपारी दोन्ही बाजू झाल्या. पुढची बाजू उचलली गेली. आता मागच्या सळयांची लांबी ठरवायची होती.

मिस्त्री चाकाजवळ उकिडवे बसले. त्यांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये आपला आडवा पंजा धरला. "हितं चार बोटं वर ठिव."

आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे. रिकामी ट्रक मागून चार बोटं उंच ठेवायची. उसाचं वजन पडलं की ती बसते आणि पाण्यासारखी सपाट धावते. रिकामी गाडीच सपाट दिसली तर समजायचं, हिची कमान मेली. मीही त्याच ऊसपट्ट्यात वाढलो. लहानपणापासून मागून उंच असलेल्या गाड्याच पाहिल्या. मिस्त्री म्हणाले चार बोटं, मी सळयांचे आटे फिरवून चार बोटं दिली. हवा भरली, गाडी वर आली. मागून दिमाखात उभी राहिली. उसाचे दोन-तीन ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन बघायला आले.

"आता दिसतीया गाडी!" एकजण म्हणाला. "सकाळी म्हातारीवानी वाकली हुती."

मी म्हणालो, आता वजन टाकून बघू. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून वाळूची पोती आणून आम्ही पेटीत रचली. बघे होते त्यांनीही हात लावला. गाडी दबली. मिस्त्री मागं उभे राहून हात वर-खाली करत म्हणाले, "आली, आली... बघ, आता बसली का न्हाई सपाट."

तेवढ्यात इंजिनच्या आवाजात बारीक सूं ऐकू आलं, आणि गाडी हळूहळू उचलायला लागली. पोती घेऊनच ती परत चार बोटं वर जाऊन उभी राहिली.

"वझं कमी पडलं," मिस्त्री म्हणाले. "आनखी टाका."

आणखी टाकलं. गाडी दबली. सूं झालं. गाडी वर.

"ही बया काय ऐकना!"

"मिस्त्री, हिला मान खाली घालायचं ठावंच न्हाई," उसाचा ड्रायव्हर म्हणाला. "सून आनावी तर आसली."

"तुज्या घरात आन. मला नगं," दुसरा म्हणाला. "माझी हाय ती बी आसलीच हाय."

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांना वाटलं व्हॉल्व्ह अडकला आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. मी खडूनं व्हॉल्व्हच्या दांड्याशेजारी एक रेघ मारली आणि बाजूला, गाडीखाली न जाता, जमिनीला गाल टेकवून पडलो. फौजीला म्हणालो, वर चढ आणि सगळ्यांना घेऊन मागच्या टोकाला ये. माणसं मागं आली, दांडा रेघेच्या वर गेला, सूं झालं, दांडा रेघेवर परत आला. माणसं उतरली, दांडा रेघेच्या खाली गेला, फुस्स झालं, दांडा रेघेवर परत. मी ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. बघे कंटाळून निघून गेले, पण माझ्या डोक्यात उजेड पडत होता.

अडकलं काहीच नव्हतं. आमचीच सवय आडवी आली होती. ज्या गाडीची कमान वजनाखाली बसते, तिच्यासाठी चार बोटं. ही गाडी बसणारच नव्हती. सांगाल ती उंची ती रिकामीही राखणार, भरलेलीही राखणार. आम्ही तिला सांगितलं मागून चार बोटं उंच राहा, तर ती जन्मभर तशीच राहणार. म्हणजे पुढची बाजू पाटे घालून उचलली आणि मागची त्याहून उचलली. दिवसभर घाम गाळून गाडीचं नाक होतं तिथंच होतं, खालीच. फक्त सगळी गाडी उंच झाली होती.

मी मिस्त्रींना सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण मान हलत नव्हती.

"म्हंजे तू म्हनतोस, रिकामी गाडी सपाट सोडायची?"

"होय."

"माझ्या फाटकातनं?"

"होय, मिस्त्री."

"न्हाई जमायचं." त्यांनी पान्हा खाली ठेवला. "आरं, हायवेवर उभं ऱ्हाऊन कुनालाबी ईचार. माझ्या हातची गाडी मागनंच वळखू येती. ही सपाट गाडी कराडाला पोचायच्या आदी उंब्रजभर हुईल, म्हातारा इसारला. कमान मेलेली गाडी सोडली म्हणतील. तुला काय, तू साताऱ्याला जाशील."

मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं मला समजत होतं, कारण मीही सकाळी तसंच समजलो असतो. पण अक्काचं शेड माझ्या डोळ्यांसमोर होतं, ते कोपऱ्यातले पाळणे होते. गाडी दुसऱ्या दिवशी पलूसला निघायलाच हवी होती. मी मिस्त्रींच्या माठातून तांब्या भरला आणि पेटीत चढलो.

"मिस्त्री, एवढं बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

ते कुरकुरत वर आले. आम्ही पोती बाजूला सारली. मी पेटीच्या मधोमध पाणी ओतलं. पाणी जरा थबकलं, आणि पुढच्या भिंतीकडं, नेमकं पेट्या भिजल्या होत्या तिकडं, धावलं. भिंतीशी डबकं साचलं.

"ही तपासणी माझ्या थोरल्या बहिणीची आहे," मी म्हणालो. "ती द्राक्षाच्या शेडवर मुकादम आहे. हे पाणी तिकडं गेलं तर तिचं शेड बंद होतंय."

मिस्त्री डबक्याकडं बघत राहिले. मग उतरले. गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी मागवली, जी भिंतीची पातळी बघायला लागते. एक टोक मला पुढं चासीशी धरायला लावलं, एक स्वतः मागं धरलं. पान्हा फौजीच्या हातात दिला. "हवा सोड आदी," ते स्वतःच म्हणाले. "कुनी खाली आसताना हवा चालू ठिवायची न्हाई."

सळया आखूड केल्या. हवा भरली. नळीतलं पाणी बघितलं. मागं अजून थोडं वर. हवा सोडली, पुन्हा आटे फिरवले. डावी बाजू उजवीपेक्षा किंचित खाली राहत होती, तीही आणली. ऊन कलायला लागलं होतं, पण मिस्त्री आता थांबायला तयार नव्हते. मी म्हणालो, एवढं पुरे, चालेल. तर म्हणाले, "चालंल म्हंजे काय? आता तू मला सपाट शिकीवलंस न्हवं, आता सपाटच हुईल." शेवटी नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एका रेघेत आलं. मग पोती घालून बघितलं: दबली, सूं, रेघेवर. पोती काढून बघितलं: उठली, फुस्स, रेघेवर.

मिस्त्रींनी स्वतःच तांब्या भरला आणि पेटीत चढले. मधोमध पाणी ओतलं. पाणी सावकाश, अगदी सावकाश मागच्या दाराकडं निघालं आणि भोकातून खाली मातीत पडायला लागलं.

"निगालं गड्या," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाळूची पोती भरून गाडी कराडपर्यंत नेऊन आणली, मग पोती उतरवली. रस्त्याच्या दणक्यांनी नवे यू-बोल्ट थोडे सैल झाले होते, ते पुन्हा आवळले. मला दुपारी कामावर हजर व्हायचं होतं. गाडी निघायच्या तयारीत होती, तर मिस्त्री फाटकात आडवे.

"थांबा. अशी न्हाई जायाची."

मला वाटलं, रात्रीतून विचार पालटला. तेवढ्यात रंगाचा डबा घेऊन पेंटर आला. ट्रकांच्या मागं नावं-शेर लिहिणारा. मिस्त्रींनी त्याला पांढऱ्या पेटीच्या मागच्या दाराखाली उभं केलं आणि एकेक शब्द सांगितला. लाल अक्षरांत लिहून झालं:

कमान मेली नाही, हवेवर आहे.

"आता जाऊ दे," मिस्त्री म्हणाले. "वाचतील त्ये वाचतील. न वाचनाऱ्याला मी सांगीन."

फौजीनं गाडी काढली. रिकामी, सपाट. हायवेवर उसाचे ड्रायव्हर थांबून वाचत होते. मी आदल्या संध्याकाळी मिस्त्रींच्या खाटेवर बसून अक्काला लिहिलेलं पत्र फौजीच्या खिशात घातलं होतं. सकाळी फक्त शेवटची ओळ वाढवली.

पहिली खेप गेली. काही दिवसांनी कारखान्याच्या फोनवर सोसायटीतून फोन आला. पलीकडं अक्का होती. तिला फोनवर बोलायची सवय नव्हती, ती लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी ओरडली, "आरं, पेट्या कोरड्या पोचल्या! तळाचा कागद सुदीक कोरडा!" मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. शेड त्या हंगामात चाललं, आणि पुढंही बरेच हंगाम चाललं.

ते पत्र अक्कानं जपून वगैरे ठेवलं नाही. गाडी तपासायची रीत त्यात लिहिली होती म्हणून तिनं ते शेडच्या खांबाला खिळ्यानं ठोकलं. माल भरण्याआधी कुणीतरी ते वाचून दाखवायचं, मग पाणी ओतायचं, असा शेडचा रिवाज पडला. त्यामुळं त्यातला माझा खाजगी मजकूरही दर खेपेला मोठ्यानं वाचला जाई, आणि मी गेलो की बायका मला तो तोंडपाठ म्हणून दाखवत. म्हणून मलाही तो पाठ आहे.

प्रिय अक्का,

सप्रेम जय भीम. गाडी झाली. ही चिठ्ठी फौजीकडं देतोय, कारण मला कामावर जायचंय.

पहिल्यांदा कामाचं लिहितो. माल भरायच्या आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायला सांग, हवा पूर्ण भरू दे. मग मधोमध तांब्याभर पाणी ओत. दाराकडं गेलं तर माल भरा. पुढं गेलं तर एक पेटीसुद्धा भरू देऊ नकोस, अध्यक्ष म्हणाले तरी. माल भरून झाला की गाडी आपोआप उठेल, घाबरू नका. कुणी गाडीखाली जाणार असेल तर आधी हवा सोडायची. हे ड्रायव्हर बदलला तर त्यालाही सांग. पहिल्या खेपेनंतर पुढचे बोल्ट आवळून घ्यायला लावायचे.

लोक म्हणतील, रिकामी गाडी सपाट दिसते, कमान मेली. ऐकायचं नाही. कुणी चार बोटं वर करून देतो म्हणाला तर त्याला हात लावू द्यायचा नाही.

आता दुसरं. तू बैठकीत माझ्या नावानं शब्द दिलास हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मला विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो, थांब, मला नक्की येईल का माहीत नाही. बरं झालं विचारलं नाहीस. कॉलेजात मला खूप शिकवलं, पण गाडीचं दुखणं तूच सांगितलंस आणि दुरुस्त झाली का हेही तुझ्याच तांब्यानं कळलं. मी मधलं तेवढं केलं. तू त्या दिवशी डोक्यावर बोर्ड घेऊन आली नसतीस तर तेही आलं नसतं.

पाळणे काढू नका. मी पुढच्या रविवारी येतो. भाकरी आणि खरडा कर, बाकी काही नको.

तुझा भाऊ

ता. क. गाडीच्या मागं लाल अक्षरांत लिहिलंय ते पुसू देऊ नकोस. ते मिस्त्रींचं आहे.